खालची कडी

३ फेब्रुवारी

सुतारीणबाई,

चि. सौ. वगैरे लिहायचं नाही हे मला ठाऊक आहे. कागद झाले, सह्या झाल्या, आता कायद्यानं तू माझी कोणी लागत नाहीस. म्हणून जुन्याच नावानं हाक मारते. तू अंगणात होडी बांधायला घेतलीस आणि माझ्या शिवायला आलेल्या कपड्यांवर भुसा उडायला लागला, तेव्हा चिडून हे नाव ठेवलं होतं. पुढे चिडणं गेलं, नाव राहिलं.

पत्ता तुझ्या आईनं दिला. फोन नंबरही मागितला होता, पण तो काही त्यांनी दिला नाही. "पत्र लिहा. वाटलं तर देईल उत्तर," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. विहीणबाई पहिल्यापासून मोजकंच बोलतात.

काम एवढंच आहे. होडीचं सुकाणू खडखडतं. मागच्या फळीवर ते ज्या दोन कड्यांत टांगलंय, त्यातली खालची कडी हलते. सुकाणूचा दांडा धरला की हाताला गचके बसतात. तळ्यावर पेडलच्या होड्या भाड्यानं देणारा तो ड्रायव्हर आठवतो ना, पूर्वी बस चालवायचा तो? त्याला दाखवलं. म्हणाला, "बाई, आहेत ते स्क्रू काढा, त्याहून जाड ठोका, विषय संपला." मी त्याच्या बसमधून प्रवास केलेला आहे, म्हणून तुला विचारते.

हो, मी अजून होडीतून जाते. एकटी जाते. तुला वाटलं असेल, तू गेल्यावर म्हातारीनं होडीवर वाळवण घातलं असेल. पहिले काही महिने घातलंही होतं. मग एके रविवारी वारा छान होता आणि राहवलं नाही.

कडीचं काय करायचं तेवढं कळव. मी बरी आहे. चिरंजीव बरे आहेत. त्याच्याबद्दल तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही जास्त सांगत नाही.


१५ फेब्रुवारी

सुतारीणबाई,

तुझं उत्तर आलं. वर नाव नाही, खाली नाव नाही, मध्ये नुसते पाच प्रश्न. घाईघाईनं पाकीट फाडलं, आणि आत बघते तर डॉक्टर विचारतात तसं सगळं. दुखतं कुठे, कधीपासून, दाबल्यावर जास्त दुखतं का! मला हसू आलं. पण तू उत्तर दिलंस. त्यासाठी आधी तुझे आभार मानते आणि मग उत्तरं देते.

स्क्रू चार होते. एक आधीच कुठेतरी पडलाय. दोन जागच्या जागी गरगर फिरतात, पुढेही जात नाहीत आणि मागेही येत नाहीत. चौथा बोटांनीच निघाला. भोकांभोवतीचं लाकूड काळं पडलंय. तू सांगितलंस तसं टोकदार काहीतरी टोचून बघितलं. कात्रीचं टोक ओल्या साबणात जावं तसं आत गेलं. वरची कडी मात्र पक्की आहे. दोन्ही हातांनी ओढून बघितली, हलायला तयार नाही.

वरच्या कडीला तू आरपार बोल्ट घातले होतेस. खालच्या जागी फळी जाड, बोल्ट आखूड पडले. "लांब बोल्ट आणून बदलू" म्हणत तू तात्पुरते स्क्रू मारलेस. मग घरात जे व्हायचं ते झालं आणि तू गेलीस. हे सगळं मला आठवतंय ते फक्त तू विचारलंस म्हणून. यात तुला काही ऐकवायचा हेतू नाही, तसं वाचू नकोस.

शेवटचा प्रश्न, कडी हलते हे कळलं तेव्हा होडी पाण्यात होती की काठावर. काठावर होती.


२४ फेब्रुवारी

सुतारीणबाई,

पकडलंस. "काठावर उभ्या होडीच्या दांड्याला गचके बसत नाहीत. खरं लिहा, नाहीतर मी पुढचं सांगणार नाही." एवढ्या दोन ओळींसाठी तू तिकीट लावलंस! बरं बाई, खरं लिहिते.

होडी तळ्याच्या मधोमध होती. वारा जोराचा होता, मी शीड ताणून मजेत चालले होते, आणि खालून काड् असा आवाज आला. खालची कडी फळीतून अर्धवट उपटली आणि सुकाणूची पिन तिच्यातून निसटली. सुकाणू नुसतं वरच्या कडीला लोंबकळायला लागलं. दांडा माझ्या हातात होता, पण त्याचं पाण्याशी काही नातं उरलं नव्हतं. होडी आपली आपण गर्रकन वळली, शीड फाडकन या अंगाचं त्या अंगाला गेलं, मी आडवी झाले आणि एका बाजूनं पाणी आत यायला लागलं.

आणि मला तुझा आवाज ऐकू आला. देवाशपथ सांगते, कानात आला. "आई, घाबरलात तर आधी शिडाची दोरी सोडून द्या. होडीला दम खाऊ द्या. मग विचार करा." मी दोरी सोडली. शीड वेड्यासारखं फडफडत राहिलं, पण होडी सरळ झाली. डब्यानं पाणी उपसलं. मग आठवलं, एकदा वारा पडला होता तेव्हा तू खेळ म्हणून मला वल्हं मागे धरून होडी वळवायला शिकवलं होतंस. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, हे कशाला शिकायचं, मला काय नावाडी व्हायचंय का? तसंच वल्हं मागे धरलं आणि वारा नेईल तिकडे, पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन घुसले. तिथून अख्ख्या तळ्याला वळसा घालून घरी आले, ओलीचिंब, एका पायात चप्पल.

म्हणजे तू नसतीस तर हे पत्र नसतं. असं कुणाला तोंडावर सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मी तुझी फार आभारी आहे.

नेमका चिरंजीव फाटकात उभा होता. तो तसाच बाहेर पडला. ड्रायव्हरला घेऊन होडी परत आणली, अंगणातल्या लोखंडी खांबाला साखळीनं बांधली आणि कुलूप लावलं. मी आकाशपाताळ एक केलं. म्हटलं, माझी होडी आहे. तो म्हणाला, "तुझी नाही, तिची आहे." मग थोड्या वेळानं रागातच म्हणाला, "जिनं बांधली तिनं सांगू दे, ठीक आहे म्हणून. लगेच काढतो कुलूप."

त्याला खात्री होती, मी तुला कधीच विचारणार नाही. आपल्या आईच्या नाकाचा शेंडा किती उंच आहे ते त्याला माहीत आहे. पण होडीपुढे नाक काय चीज आहे?

आता तू विचारशील, या वयात हा हट्ट कशाला. ऐक. लग्न झाल्यापासून मी मशीनवर बसले आहे आणि मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, कारण प्लग तिथे आहे. मला सायकल येत नाही. घरातले सगळे निर्णय आधी सासऱ्यांनी घेतले, मग यांनी, आता चिरंजीव घेतो, आणि मी सगळ्यांचे कपडे बेतले. माझ्या हातात दांडा देऊन "आता तुम्ही ठरवा कुठे जायचं" असं म्हणणारी तू पहिली. ते मला परत हवंय. ही साखळी तुझ्या एका शब्दावर निघणार आहे, आणि तो शब्द तू खोटा देणार नाहीस, हेही मला माहीत आहे. म्हणून आधी कडी नीट व्हायला हवी.

आणि एक. हे वाचून तू स्वतःला बोल लावशील, मी ओळखते तुला. ते तात्पुरते स्क्रू, ते राहून गेलेले बोल्ट. अजिबात लावायचा नाही. खडखड मला महिनाभर ऐकू येत होती. मशीनच्या सुईची जराशी कुरकुर झाली तर मी काम थांबवते, आणि इथे वाऱ्याच्या नादात ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुझ्या हातात होतं तोवर सगळं पक्कंच होतं.


८ मार्च

सुतारीणबाई,

तीन पानं लिहिलीस! वर अजून नाव नाही, पण तीन पानं आणि एक चित्रसुद्धा. फळी आडवी कापून आत बोल्ट कसा बसतो ते काय सुबक काढलंयस. मी ते मशीनसमोर टाचणीनं लावलंय. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कुठल्या फॅशनचं?"

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कुजकं लाकूड कोरून काढलं, कोरडं पांढरं लाकूड लागेपर्यंत. होडी पालथी घालून रोज ऊन दाखवलं. भोकं मुद्दाम मोठी केली. मग दोन डब्यांतला तो गोंद एकत्र करून, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवून, ती भोकं गच्च भरायची. सुकलं की त्या गोंदाच्या मधोमध बोल्टपुरतं नवं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टाला लाकूड लागतच नाही, सगळीकडून गोंद, पाणी शिरायला जागाच नाही. तू हे दीड पान भरून समजावलंस. अगं, हे तर काज! कापडाला भोक पाडायचं, कडा दोऱ्यानं बांधून घ्यायच्या म्हणजे उसवत नाहीत, आणि मग बटण घालायचं. एका ओळीत कळलं असतं मला.

गोंदाची मात्र गंमत झाली. तू "थोडा-थोडा कालवा" लिहिलं होतंस. मला वाटलं, परत परत कोण भांडी खराब करणार, एकदमच कालवते. वाटी भरून कालवला. बघता बघता वाटी तापली, वाफ यायला लागली, आणि मी चमचा काढायला जाते तर चमचा उभाच्या उभा आत. आता ती वाटी आणि तो चमचा जन्माचे एकत्र आहेत. तुझ्या लग्नात आलेल्या सेटमधला चमचा होता, तेव्हा एक तरी जोडी टिकली म्हणायची. रागावू नकोस, तू समोर असतीस तर हसली असतीस.

दुसऱ्या वेळी नीट जमलं. चिरंजीव येता-जाता तिरक्या नजरेनं बघत असतो. साखळीची लांबी तेवढी वाढवून दिली आहे, होडी पालथी घालता यावी म्हणून. परवा सकाळी मशीनवर रबरी हातमोज्यांचा जोड ठेवलेला होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

सगळं तुझ्या अक्षराबरहुकूम केलंय, फक्त एक सुधारणा मी माझ्या बुद्धीनं केली आहे. ती तू बघशील तेव्हा खूश होशील.


१९ मार्च

सुतारीणबाई,

तू खूश होणार नाहीस.

गोंद सुकल्यावर नवी भोकं पाडायची वेळ आली. मी आपला टेप काढला. फळीच्या डाव्या कडेपासून कडी किती लांब आणि उजव्या कडेपासून किती, ते मोजलं. सारखं नाही! जवळजवळ दोन बोटं फरक. मला वाटलं, पोरीनं घाईत वाकडी लावलेली दिसते, आता जागा बदलायची संधी आहेच. म्हणून खालची कडी बरोब्बर मध्यावर घेतली. खडूनं रेघ मारली, भोकं पाडली, तू सांगितलेले लांब बोल्ट घातले. बाहेरून अशी देखणी दिसायला लागली की शेजारणीला बोलावून दाखवली.

सुकाणू टांगायला गेले. वरची पिन वरच्या कडीत गेली, खालची खालच्या कडीच्या तोंडाशी अडली. जोर लावला. गेली, पण सुकाणू तिरकं उभं राहिलं आणि दांडा हलेना. गंजलेल्या दारासारखा करकरायला लागला.

इथे थांबायला हवं होतं. पण ब्लाउज दंडात घट्ट झाला तर आम्ही काय करतो, जरासा उसवतो. मी कानस आणली आणि कडीचं भोक थोडं घासलं. आणखी थोडं घासलं. पिन सुटसुटीत फिरायला लागली. मग इतकी सुटसुटीत झाली की हलवून बघते तर खडखड! ढिलं होतं ते घट्ट केलं, घट्ट झालं म्हणून परत ढिलं केलं, आणि या खटाटोपात चांगली कडी घालवली.

रात्रभर विचार केला आणि सकाळी होडी सुलटी करून पुढून मागे नीट बघितलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. फळीच जराशी एका अंगाला ओढलेली आहे. गोंद सुकताना सरकली असेल. ते तुला माहीत होतं, म्हणून तू कड्या फळीच्या मध्यावर न लावता होडीच्या कण्याच्या रेषेत लावल्या होत्यास. बरोबर ना? आणि मी, जिनं आयुष्यभर पोरींना शिकवलं की कुणाचेही दोन खांदे सारखे नसतात, माप अंगाचं घ्यायचं, कागदाचं नाही, तीच मी टेप घेऊन तुझी होडी सरळ करायला निघाले.

आता माझ्या हातून जास्त वाटोळं व्हायला नको. चिरंजिवाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो तसं काही बोलला नाही. वाकून कडी बघितली आणि म्हणाला, "हे तिलाच येईल."

तर ये. मी आजवर तुला परत ये म्हणून कधी म्हटलं नाही, आताही घरात परत ये म्हणत नाही. होडीसाठी ये. तुला कुणाचं तोंड बघायचं नसेल तर तो दोन दिवस मित्राकडे जाईल. हे त्यानं स्वतःहून सांगितलंय. झोपायला शिलाईची खोली देईन. आणि नाही आलीस तरी राग धरणार नाही. तू जे दिलंस ते देऊन झालंय, ते साखळीनं बांधता येत नाही.


७ एप्रिल

सुतारीणबाई,

पोचलीस हे तुझ्या आईनं कळवलं. स्वतःहून फोन केला त्यांनी! चार वाक्यं बोलल्या.

तू असताना बोलायचं बरंच राहिलं आणि तू गेल्यावर एक गोष्ट घडली, ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण क्रमानं लिहिते.

तू फाटकातून आलीस ती सरळ होडीकडे. मी चहा टाकलेला, नवी चादर घातलेली, साडीसुद्धा बदललेली, आणि तू पिशवी खांद्यावर ठेवूनच खाली बसलीस, कडीवर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "कानस कुठे आहे? आधी ती माझ्याकडे द्या." दीड वर्षानंतरचं पहिलं वाक्य! मला इतकं हलकं वाटलं. रडारड झाली असती तर दोघींनाही अवघड गेलं असतं.

माझी भोकं तू बुजवलीस, आणि मी घासलेल्या कडीऐवजी पिशवीतून नवी कडी काढलीस. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पक्का दोरा मागितलास, वरच्या कडीतून खाली सोडलास आणि टोकाला एक नट बांधलास. होडी पाचरी मारून समतोल केलीस आणि दोरा डुलायचा थांबेपर्यंत गप्प उभी राहिलीस. मग मी माझ्या खडूनं खूण केली. तू म्हणालीस, "बघा, हा मध्य." फळीच्या मध्यापासून बोटभर लांब होता. त्या दोऱ्याकडे बघताना मला वाटलं, मी हिला इतकी वर्षं घराच्या मधोमध आणायला बघत होते, आणि ही आपल्या जागी बरोबर होती.

मग बोल्ट आवळायचे होते. हे काम एकट्यानं होत नाही हे मला तेव्हाच कळलं. मी तर आधी एकटीनंच नुसते अडकवले होते. मागच्या बंद कप्प्याच्या गोल झाकणाच्या तोंडातून तुझा दंड जाईना, माझा काटकुळा गेला. खांद्यापर्यंत हात आत, पाना नटावर, गाल लाकडावर टेकलेला. मला तू दिसत नव्हतीस, फक्त फळीच्या पलीकडून आवाज येत होता.

"धरलंत?"

"धरलं."

"नट फिरतोय?"

"नाही. तू फिरव."

दोन बोल्ट झाले. तिसऱ्याच्या वेळी मी विचारलं, "तू खरं कशाला आलीस?"

"बोल्ट माझे राहिले होते."

"बोल्टांचं सोड."

तुझा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. तू म्हणालीस, "मला वाटलं होतं, तुम्ही त्याच्या बाजूच्या आहात."

"मी त्याची आई आहे. त्याच्या बाजूची असणारच. पण तू मला होडीत बसवलंस ते काय त्याची आई म्हणून? तू म्हणालीस, चला, तुम्हाला आवडेल. तोपर्यंत मला काय आवडेल याचा कुणी विचारच केला नव्हता, मीसुद्धा नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. तोंडावर जमलं नसतं, आता फळी आहे मध्ये, म्हणून मानते."

मग "घट्ट धरा, आई," एवढंच पलीकडून आलं. मी धरलं. चौथा बोल्ट तू इतका आवळलास की माझं मनगट संध्याकाळपर्यंत दुखत होतं. ते दुखणं मी कुणाला दिलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साखळीच्या कुलपाची किल्ली मशीनवर ठेवलेली सापडली. तो कधी येऊन ठेवून गेला, आपल्याला दोघींनाही कळलं नाही. आपण होडी पाण्यात नेली. निघण्याआधी तू प्रत्येक बोल्ट तीनदा ओढून बघितलास, कप्प्याचं झाकण बघायला परत वाकलीस, धक्क्यावरून पुन्हा घरी जाऊन फाटक लागलंय का बघून आलीस. मी मनात म्हटलं, पोरगी काही बदलली नाही. घराचं कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेली तू परत येऊन कुलूप ओढायचीस आणि चिरंजीव रस्त्यात उभा राहून वैतागायचा.

शिकवायचीस तेव्हा तू नेहमी माझ्याकडे तोंड करून बसायचीस, नजर माझ्या हातावर. या वेळी तू मधल्या फळीवर बसलीस आणि तोंड पुढे केलंस, पाण्याकडे. मला वाटलं, आधी दोऱ्या बघत असेल, मग वळेल. आपण मध्यापर्यंत गेलो. तिथे तो वारा आला, नेमका त्याच जागी. होडी कलली. दांडा ओढला, सुकाणूनं पाणी धरलं, होडी माझं ऐकून वळली. कुठे खडखड नाही, गचका नाही. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. तू केस बांधत होतीस.

परत आलो, तू जेवलीस, पिशवी भरलीस, बसमध्ये बसलीस. होडीबद्दल बरं-वाईट एक शब्द बोलली नाहीस. मलाही विचारायचा धीर झाला नाही. बस सुटल्यावर मात्र धस्स झालं. ज्या शब्दासाठी एवढी पत्रं लिहिली, तो शब्द घ्यायचा राहिलाच!

संध्याकाळी चिरंजीव आला. होडी घरी आणून मी आपल्या हातानं साखळी लावून ठेवली होती, त्याच्याशी ठरलं होतं तसं: किल्ली एका फेरीपुरती, साखळी कायमची निघायची ती तुझा शब्द मिळाल्यावरच. किल्ली त्याच्या हातात दिली.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? ठीक आहे म्हणाली की नाही?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण तू खोटा शब्द दिला नसतास, मग तुझ्या नावावर मी कशी देऊ? म्हटलं, "तसं काही म्हणाली नाही. पुढे बसली होती."

"तुझ्याकडे तोंड करून."

"नाही. पुढे तोंड करून."

"मागे वळून बघत असेल सारखी."

"एकदाही नाही."

"वारा होता?"

"मध्यावर चांगलाच होता. होडी कलली होती."

"आणि ती?"

"केस बांधत होती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ती?" म्हणाला. "मागे बघितलं नाही?" तुझ्याबरोबर सहा वर्षं संसार केलेला माणूस तो. रस्त्यात उभा राहून तू कुलूप ओढून येण्याची वाट बघितलेला. त्याला यापेक्षा जास्त काही सांगावं लागलं नाही.

मग तो अंगणात गेला. साखळी काढायला त्याला फार वेळ लागला. अंधार पडत होता, आणि मध्ये मध्ये तो थांबून बाहीनं तोंड पुसत होता. मी अंगणातला दिवा लावला नाही.